सिनसिनाटीचे लाल मोजेवाले : उघड पगार घेऊन खेळलेला पहिला बेसबॉल संघ (१८६९-७०)

नदीपल्याड

१८६५ साली ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात युनियन क्रिकेट क्लबने वर्षाला १२०० डॉलरवर एक माणूस नोकरीला ठेवला. काम असं की सभासदांना गोलंदाजी करायची, त्यांना खेळ शिकवायचा. हा माणूस हॅरी राइट. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, १८३५ चा. वडील सॅम राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात हेच काम करायचे, म्हणजे पैसे घेऊन क्रिकेट खेळणं आणि शिकवणं हा त्यांचा घरचा धंदा. हॅरीने जवाहिऱ्याकडे उमेदवारी केली होती, पण जीव मैदानावर. क्रिकेट खेळता खेळता तो न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाकडून बेसबॉलही खेळू लागला होता.

अमेरिकेतला पहिला उघडपणे पगारी बेसबॉल संघ याच माणसाने बांधला. हा धागा त्या संघाबद्दल आहे. बेसबॉलवर मराठीत फारसं लिहिलं जात नाही, आणि लिहिलं तरी बेब रूथ या विसाव्या शतकातल्या विख्यात खेळाडूच्या मागे कुणी जात नाही. मला मात्र हा पहिला काळ सगळ्यात जवळचा वाटतो, कारण खेळाचा व्यवसाय कसा झाला ते इथे अगदी डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

सिनसिनाटी बेसबॉल क्लब १८६६ मध्ये निघाला. चालवणारे बहुतेक तरुण वकील आणि व्यापारी. त्यांनी क्रिकेट क्लबाचंच मैदान, युनियन ग्राउंड्स, भागीत वापरायला घेतलं. अध्यक्ष झाला ॲरन चॅम्पियन नावाचा वकील. जुलै १८६७ मध्ये वॉशिंग्टनचा नॅशनल्स हा संघ पश्चिमेच्या दौऱ्यावर आला आणि त्याने सिनसिनाटीला ५३-१० असं धुतलं. त्या मोसमातला सिनसिनाटीचा हा एकुलता एक पराभव, पण तो चॅम्पियनच्या मनाला लागला.

त्या वेळी खेळाडूंच्या पैशाचा व्यवहार कसा चाले ते नॅशनल्सवरूनच समजतं. राष्ट्रीय बेसबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे खेळायचे पैसे घ्यायला बंदी होती. त्यामुळे नॅशनल्सचे खेळाडू कागदोपत्री कारकून असत. त्यांच्यात हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज राइट होता. त्याच्या नोकरीच्या ठिकाणाचा पत्ता म्हणून पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरचा जो क्रमांक छापलेला होता, तिथे प्रत्यक्षात सार्वजनिक बाग होती. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल संघाचे खेळाडू शहराच्या सरकारी खात्यांच्या पगारपत्रकावर असत. सगळ्यांना सगळं ठाऊक, बोलायचं कुणी नाही.

१८६९ च्या मोसमासाठी संघटनेने बंदी उठवली. चॅम्पियनने क्लबाचे भाग विकून पैसा उभा केला, हॅरीला मोकळीक दिली, आणि दहा माणसं १५ मार्च ते १५ नोव्हेंबर अशा आठ महिन्यांच्या करारावर घेतली. पगार असे :

जॉर्ज राइट, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक; बेस म्हणजे धाव काढताना गाठायचे टप्पे), १४०० डॉलर. हॅरी राइट, कर्णधार आणि सेंटर फील्ड, १२००. एसा ब्रेनार्ड, पिचर (चेंडू टाकणारा), ११००. फ्रेड वॉटरमन, तिसरा बेस, १०००. मग चार्ली गूल्ड (पहिला बेस), चार्ली स्वीझी (दुसरा बेस), डग ॲलिसन (कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा), अँडी लेनर्ड (लेफ्ट फील्ड) आणि कॅल मॅकव्ही (राइट फील्ड) यांना प्रत्येकी ८००. राखीव डिक हर्ली, ६००. एकूण ९३०० डॉलर.

धाकट्या भावाचा पगार कर्णधार असलेल्या थोरल्यापेक्षा जास्त होता, आणि तो योग्यच होता. जॉर्जसारखा खेळाडू त्या वेळी देशात दुसरा नव्हता. स्वीझी आणि लेनर्ड टोप्या बनवणारे कारागीर, ॲलिसन संगमरवर घडवणारा, गूल्ड हिशेबनीस, मॅकव्ही पियानोच्या कामातला, जॉर्ज कोरीवकाम करणारा. या दहांत सिनसिनाटीचा म्हणावा असा एकटा गूल्ड. बाकी सगळी भरती बाहेरगावची, बरीचशी न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडची. आज एखाद्या शहराच्या संघात त्या शहराचा एकही खेळाडू नसला तरी आपल्याला खटकत नाही. त्या वेळी लोकांना ते खटकलं, वर्तमानपत्रांतून टीकाही झाली.

गणवेशही वेगळा. तोवर खेळाडू पायघोळ विजारी घालत. यांनी गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या आणि खाली लालभडक लांब मोजे घातले. त्यावरूनच नाव पडलं रेड स्टॉकिंग्ज.

३१ मे १८६९ ला संघ पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला. सोबत सिनसिनाटी कमर्शियल या दैनिकाचा हॅरी मिलर नावाचा बातमीदार होता आणि तो रोज तारेने सामन्याची हकिकत धाडायचा. सुरुवातीला पाऊस आणि तुरळक गर्दी. ट्रॉयच्या हेमेकर्सना ३७-३१ असं कसंबसं हरवलं. मग १५ जूनला न्यूयॉर्क परिसरात म्युच्युअलशी गाठ पडली. तीस-चाळीस धावांच्या त्या जमान्यात हा सामना ४-२ असा संपला. नवव्या डावात म्युच्युअलनी २-२ अशी बरोबरी साधली होती, तिथून सिनसिनाटीने शेवटच्या पाळीत दोन धावा काढून जिंकला. तार पोचल्यावर सिनसिनाटीत गिब्सन हाउस हॉटेलासमोर लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्याच दिवशी ब्रुकलिनच्या अटलांटिक्सना ३२-१०. पुढे वॉशिंग्टनला गेल्यावर अध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये भेटायला बोलावलं.

१ जुलैला संघ अजिंक्य परतला. मिरवणूक निघाली, लाकडाच्या एका व्यापारी पेढीने २७ फूट लांबीची बॅट भेट दिली. रात्रीच्या मेजवानीत चॅम्पियन म्हणाला की देशाचा अध्यक्ष होण्यापेक्षा मला या क्लबाचा अध्यक्ष असणं केव्हाही जास्त आवडेल. ते त्याने मनापासून म्हटलं होतं असं मला वाटतं.

पुढचं, म्हणजे कॅलिफोर्निया आणि ब्रुकलिनचा तो सामना, प्रतिसादात लिहितो.

रानजाई

फार छान धागा. बेसबॉलचा ओ की ठो कळत नसूनही शेवटपर्यंत वाचलं. एक प्रश्न : ५३-१०, ३७-३१ एवढ्या धावा कशा व्हायच्या? आता तर २-१, ४-३ असे आकडे दिसतात.

एकटा_फलंदाज

रानजाई, मी सांगतो, नदीपल्याड भर घालतील.

पहिलं कारण म्हणजे चेंडू खांद्याखालून टाकावा लागे. हात वर नेऊन जोरात फेकायला परवानगी नव्हती. पिचर आणि फलंदाज यांच्यात अंतर होतं ४५ फूट, आणि त्याचं काम मुळात फलंदाजाला मारता येईल असा चेंडू देण्याचं मानलं जाई. आजच्यासारखा तो फलंदाजाचा शत्रू अजून झालेला नव्हता.

दुसरं, क्षेत्ररक्षक उघड्या हाताने खेळत. हातमोजे नव्हतेच. कॅचर डग ॲलिसनने १८७० मध्ये हाताला फार लागलं म्हणून हरणाच्या कातड्याचे मोजे घातले त्याची वर्तमानपत्रात बातमी झाली होती. कडक चेंडू, उघडे हात आणि गवताळ, खडबडीत मैदान, त्यामुळे चुका ढिगाने व्हायच्या आणि प्रत्येक चुकीवर धाव.

शिवाय एक नियम फलंदाजाच्या विरुद्ध होता. फाउल, म्हणजे हद्दीच्या रेषेबाहेर, गेलेला चेंडू एक टप्पा पडल्यावर झेलला तरी फलंदाज बाद. हा टप्प्याचा झेल लक्षात ठेवा, ट्रॉयच्या भांडणाच्या मुळाशी असलाच झेल आहे.

या सगळ्यात ४-२ असा सामना होणं म्हणजे काय ते आता लक्षात येईल. त्या दिवशी दोन्ही संघांचं क्षेत्ररक्षण किती चोख झालं असेल!

कसबा_पेठकर

लेख उत्तम, पण ‘पहिला पगारी संघ’ हे बिरूद मला पूर्ण पटत नाही. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबाचा पिचर जिम क्रेटन १८६० मध्येच पैसे घेत होता असं इतिहासकार मानतात. बिचारा १८६२ मध्ये अवघ्या २१ व्या वर्षी गेला. फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्सचा अल रीच हाही १८६० च्या दशकाच्या मध्यात पैसे घेऊनच खेळत होता. आणि १८६९ मध्ये बंदी उठल्यावर अटलांटिक्स, म्युच्युअल, ॲथलेटिक्स, हेमेकर्स या सगळ्यांनीच स्वतःला व्यावसायिक म्हणवून घेतलं. मग मान एकट्या सिनसिनाटीला का?

नदीपल्याड

कसबा_पेठकर, मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच मी शीर्षकात ‘उघड’ हा शब्द घातला. पैसे घेणारे पहिले खेळाडू हे नव्हेत. पण पूर्वेकडच्या बऱ्याच क्लबांत काहींना तिकिटाच्या गल्ल्यातला वाटा मिळे, काहींना कुठेतरी चिकटवून दिलेली नोकरी, काहींना काहीच नाही. सिनसिनाटीने पहिल्यापासून राखीव खेळाडूपर्यंत प्रत्येकाला ठरावीक मोसमी पगार दिला, लेखी करार केला आणि तो लपवला नाही.

माझ्या मते या संघाची खरी थोरवी इथेच आहे. सलग विजय हे त्याचं फळ. गल्ल्यातल्या वाट्यावर जगणाऱ्याला मोठी गर्दी हवी असते. मग एक सामना तू जिंक, एक मी जिंकतो, म्हणजे तिसऱ्याला जास्त लोक येतील, असले संशय त्या काळात सतत घेतले जात. सट्टेवाले तर मैदानाच्या कडेलाच उभे असत. ठरलेला पगार मिळणाऱ्या खेळाडूला हे करायची गरज उरत नाही. हॅरी राइट त्याच्याकडून रोज सराव मागू शकतो, दारू सोडायला सांगू शकतो, वेळेवर ये म्हणू शकतो. आणि त्याने ते सगळं मागितलं. एक जण चेंडूकडे धावला की दुसऱ्याने त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं, एकमेकांना हाका मारून झेल कुणाचा ते ठरवायचं, ही आज शाळेतल्या पोरांनाही शिकवली जाणारी गोष्ट तो घोटून घेत होता. ब्रेनार्ड दमला किंवा मार खाऊ लागला की हॅरी स्वतः सेंटर फील्डवरून येऊन अगदी हळू चेंडू टाकायचा. वेगाला सरावलेल्या फलंदाजांची पंचाईत व्हायची.

भीमथडी

ट्रॉयचं भांडण सांगा की कुणीतरी.

एकटा_फलंदाज

सांगतो. ऑगस्ट १८६९ च्या अखेरीला ट्रॉयचे हेमेकर्स परतीच्या सामन्यासाठी सिनसिनाटीला आले. त्यांच्या मागे जॉन मॉरिसी हा माणूस होता, एकेकाळचा मुष्टियोद्धा, नंतर जुगारअड्ड्यांचा मालक, आणि त्या वेळी चक्क अमेरिकन काँग्रेसचा सदस्य. त्याच्या माणसांनी हेमेकर्सवर प्रचंड पैसा लावला होता असं सगळीकडे बोललं जात होतं.

पाच डाव झाल्यावर गुण १७-१७. सहाव्या डावात मॅकव्हीने फाउल मारला. ट्रॉयचा कॅचर बिल क्रेव्हर म्हणाला, टप्प्यावर झेललाय. पंच म्हणाले, नाही. एवढ्यावरून हेमेकर्सच्या अध्यक्षाने संघच मैदानाबाहेर काढला. हरलो नाही म्हणजे पैज बुडाली नाही, असा तो हिशेब होता हे त्या वेळच्या बहुतेकांनी ओळखलं. पंचांनी सामना सिनसिनाटीला बहाल केला. तरीही पुष्कळ ठिकाणी तो बरोबरीत सुटला असंच लिहिलेलं असतं, आणि त्या मोसमातला त्यांच्या कामगिरीवरचा हा एकच डाग.

तोच क्रेव्हर पुढे १८७७ मध्ये बेसबॉलमधून कायमचा बाहेर काढला गेला.

रानजाई

काँग्रेसचा सदस्य! धन्य आहे.

नदीपल्याड

आता पुढचा भाग.

१० मे १८६९ ला युटामध्ये शेवटचा खिळा ठोकून अमेरिकेचा पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग जोडला गेला होता. सप्टेंबरात रेड स्टॉकिंग्ज त्याच रुळांवरून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. चार-पाच महिन्यांपूर्वी हा प्रवास असा करताच आला नसता. तिथल्या संघांना त्यांनी फार सहज हरवलं, सामने म्हणून त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण एकाच मोसमात एक संघ बोस्टनलाही खेळतो आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यावरही, हे आधी कधी घडलं नव्हतं.

मोसम संपला तेव्हा संघटनेच्या सभासद क्लबांविरुद्ध ५७ विजय, पराभव शून्य. प्रवास सुमारे १२,००० मैल, प्रेक्षक सुमारे दोन लाख. जॉर्जची फलंदाजीची सरासरी .६३३ आणि ५७ सामन्यांत ४९ होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून काढलेली धाव) असे आकडे दिले जातात. आता हिशेब बघा. जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट. खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट.

हा आकडा बरेच जण गमतीने सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही. देशातला सर्वोत्तम संघ, एकही पराभव नाही, जिथे जाईल तिथे गर्दी, आणि तरी वर्षअखेर हाती जेमतेम दीड डॉलर. म्हणजे जिंकत राहिले तरच हे गाडं चालणार होतं, हे चॅम्पियनच्या वहीत तेव्हाच लिहिलेलं होतं.

१८७० मध्ये आणखी २४ सामने जिंकले. १४ जून १८७० ला ब्रुकलिनच्या कॅपिटोलिन मैदानावर अटलांटिक्स. तिकीट ५० सेंट, नेहमीच्या दुप्पट. गर्दीचे आकडे नऊ हजारांपासून वीस हजारांपर्यंत काहीही दिलेले सापडतात. कुंपणाबाहेर, झाडांवर, गाड्यांच्या टपांवरसुद्धा माणसं होती.

नऊ डाव संपले, ५-५. अटलांटिक्सचा कर्णधार बॉब फर्ग्युसन बरोबरीवर खूश होता, त्याचे खेळाडू निघालेसुद्धा. प्रेक्षक मैदानात उतरले. त्या वेळी बरोबरी मान्य केली असती तर सिनसिनाटीचा अजिंक्य लौकिक तसाच राहिला असता. हॅरीने नकार दिला. नियमांचा जाणकार पत्रकार हेन्री चॅडविक तिथे हजर होता, त्याला विचारलं. त्याने सांगितलं की दोन्ही कर्णधार कबूल नसतील तर खेळ पुढे चालू ठेवायला हवा. गर्दी मागे सारून पुन्हा खेळ सुरू झाला.

दहाव्या डावात अटलांटिक्सची दोन माणसं बेसवर असताना एक सोपा उंच झेल जॉर्जकडे आला. त्याने तो मुद्दाम सोडला आणि बेस सोडायची सक्ती झालेल्या दोघांना बाद केलं. नियमात बसणारी चलाखी, पुढे याच खेळीमुळे नियम बदलावा लागला. अकराव्यात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, ७-५.

आता अटलांटिक्सची पाळी. चार्ली स्मिथ बेसवर पोचला आणि ब्रेनार्डच्या एका भरकटलेल्या चेंडूवर थेट तिसऱ्या बेसला गेला. जो स्टार्टने उजवीकडे लांब मारलं. चेंडू गर्दीत शिरला आणि मॅकव्हीला तो माणसांच्या गराड्यातून काढावा लागला. एक प्रेक्षक त्याच्या अंगावर चढला होता असंही लिहिलेलं आहे. तोवर स्मिथ आत, स्टार्ट तिसऱ्या बेसवर. ७-६. मग फर्ग्युसन आला. तो उजव्या हाताने खेळणारा, पण चेंडू डावीकडच्या जॉर्जच्या हाती जाऊ नये म्हणून तो चक्क डावखुरा उभा राहिला, आणि उजवीकडे मारून स्टार्टला आत आणलं. ७-७. पुढच्या झेटलाइनचा फटका गूल्डकडे गेला. चेंडू त्याच्या हातून निसटला, सावरून त्याने दुसऱ्या बेसकडे फेकला तो स्वीझीच्या पलीकडे गेला. फर्ग्युसन धावत सुटला आणि घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, पोचला. ८-७.

चूक झाली ती संघातल्या एकमेव सिनसिनाटीकराकडून, याचं मला फार वाईट वाटतं. चॅम्पियनने रात्री गावी तार केली : आजवरचा सर्वांत सुंदर सामना झाला, आमची मुलं उत्तम खेळली, दैव प्रतिकूल होतं, हरलो पण मान खाली घालायला नको. तार पाठवल्यावर तो हॉटेलच्या खोलीत रडला असं सांगतात.

भीमथडी

काय सामना! बरोबरी नाकारली यासाठी हॅरी राइटला मानलं. हरण्याची भीती असताना खेळत राहणं हेच खेळाडूपण. सलग विजय नक्की किती धरायचे? कुठे ८१ वाचलंय, कुठे ८४, कुठे त्याहून जास्त.

नदीपल्याड

५७ अधिक २४ म्हणजे ८१, हे सभासद क्लबांविरुद्धचे. वाटेत स्थानिक निवडक संघांशी झालेले सामने किंवा १८६८ च्या अखेरचे विजय धरले की आकडा वाढतो. मी ८१ धरतो.

मोगरा_ओहायो

मी सिनसिनाटीजवळ राहते. इथे दरवर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी फिंडले मार्केटची मिरवणूक निघते, कचेऱ्या निम्म्या रिकाम्या असतात, आणि जो तो अभिमानाने सांगतो की आमचा रेड्स हा सगळ्यात जुना व्यावसायिक संघ. २०१९ मध्ये दीडशे वर्षं मोठ्या थाटात साजरी झाली. जुनं युनियन ग्राउंड्स होतं त्या भागात आता युनियन टर्मिनलची ती अर्ध्या घुमटाची देखणी इमारत आहे.

तर आजचा रेड्स तोच संघ आहे ना?

नदीपल्याड

मोगराताई, तसं नाही. शहर तेच, लाल रंग तोच, संघ तो नाही.

ब्रुकलिननंतर सिनसिनाटी त्या मोसमात आणखी पाच वेळा हरली. शिकागोने याच संघाला हरवण्यासाठी म्हणून व्हाइट स्टॉकिंग्ज उभा केला आणि दोनदा हरवलंही. गर्दी ओसरली. चॅम्पियन उन्हाळ्यात पायउतार झाला. खेळाडूंची मागणी वाढली होती, आणि १ डॉलर ३९ सेंट शिलकीच्या क्लबाकडे ती पुरवायला काही नव्हतं. नोव्हेंबर १८७० मध्ये क्लबाने जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी संघ ठेवणार नाही. दोन मोसमांत खेळ खलास.

बोस्टनचा आयव्हर्स ॲडम्स टपूनच होता. त्याने हॅरीला बोलावलं. हॅरी बरोबर जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्हीला घेऊन गेला, रॉकफर्डहून अल स्पॉल्डिंग आणि रॉस बार्न्सला उचललं, आणि लाल मोजे व नावसुद्धा बोस्टनला नेलं. ब्रेनार्ड, वॉटरमन, ॲलिसन, स्वीझी, लेनर्ड वॉशिंग्टनच्या ऑलिम्पिक्सकडे गेले. मार्च १८७१ मध्ये व्यावसायिक संघांची पहिली संघटना झाली. तिच्या पाच मोसमांत हॅरीच्या बोस्टनने १८७२ ते १८७५ अशी सलग चार अजिंक्यपदं घेतली. १८७५ मध्ये तर ७१ विजय, ८ पराभव. तोच संघ पुढे १९५३ मध्ये मिलवॉकीला आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेला. म्हणजे १८६९ च्या संघाचं रक्त शोधायचं तर ते आजच्या अटलांटा ब्रेव्ह्जमध्ये सापडतं. सध्याचा रेड्स १८८२ मध्ये खेळू लागलेल्या क्लबापासून मोजायला हवा.

मध्ये एक सिनसिनाटी संघ १८७६ च्या नॅशनल लीगमध्येही होता. त्याचा व्यवस्थापक होता आपला चार्ली गूल्ड. निकाल ९ विजय, ५६ पराभव.

मोगरा_ओहायो

हे इथल्या माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर वाद होईल, पण सांगणार. मिरवणुकीचा आनंद मात्र त्यामुळे कमी होत नाही. शहराने दीडशे वर्षं आठवण जपली हेही काही थोडं नाही.

सुरपारंब्या

आतापर्यंत वाचत होते, आता एक बाजू मांडते.

ज्या संघटनेने १८६९ मध्ये पगाराला मान्यता दिली, तिनेच डिसेंबर १८६७ मध्ये ठराव केला होता की ज्या क्लबात एक जरी कृष्णवर्णीय सभासद असेल त्याला घ्यायचं नाही. फिलाडेल्फियात पिथियन नावाचा कृष्णवर्णीयांचा उत्तम क्लब होता. त्याचा कर्णधार ऑक्टेव्हियस कॅटो हा शिक्षक आणि मतदानाच्या हक्कासाठी लढणारा कार्यकर्ता. रेड स्टॉकिंग्ज देशभर गाजत होते त्याच मोसमात, ३ सप्टेंबर १८६९ ला, पिथियन आणि तिथलाच गोऱ्यांचा ऑलिम्पिक क्लब यांच्यात सामना झाला. ऑलिम्पिकने तो ४४-२३ असा जिंकला, पण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय संघांत असा उघड सामना होणं हीच मोठी गोष्ट. दोन वर्षांनी, १० ऑक्टोबर १८७१ ला, निवडणुकीच्या दिवशी कॅटोला रस्त्यात गोळ्या घालून मारलं.

‘देशातले सर्वोत्तम’ म्हणताना ज्यांना स्पर्धेत उभंच राहू दिलं नाही त्यांचीही आठवण ठेवायला हवी.

हॅरी राइटच्या पहिल्या नोकरीचं वर्णन वाचताना मला दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवले. पुण्यात पूना क्लबात महिना चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखायचे आणि ग्रेगसारख्या गोऱ्या फलंदाजांना तासन्तास गोलंदाजी करायचे. पुढे हिंदू संघाचे ते मुख्य गोलंदाज झाले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरी पुण्यात त्यांना चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा, आणि कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलना, १९२३ मध्ये मिळालं. हॅरी आणि बाळू, दोघंही सभासदांना चेंडू टाकायला ठेवलेले पगारी गोलंदाज. हॅरीला तिथून कर्णधार होता आलं, बाळूंना होता आलं नाही. कारण गुणात नव्हतं.

नदीपल्याड

सुरपारंब्या, मनापासून आभार. हे मूळ लेखात यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. हॅरीसारख्या पगारी क्रिकेटपटूच्या मुलाला पगारामुळे दार उघडलं, पण ते दार कुणासाठी उघडलं आणि कुणासाठी बंद राहिलं हे सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही.

कसबा_पेठकर

सुरपारंब्या +१. पहिल्या सामन्यांचं सगळं श्रेय पगाराला द्यायला मी अजून तयार नाही, जॉर्ज राइट विकत मिळाला हाही मोठा भाग आहे. पण पगार उघड असल्यामुळेच त्याला उघडपणे बोलावता आलं, हे मान्य. बाकी खेळाडूंचं पुढे काय झालं?

नदीपल्याड

सगळ्यांचं चांगलं झालं नाही. ब्रेनार्ड १८८८ मध्ये डेन्व्हरला वारला, तिथे तो बिलियर्डची खोली सांभाळत होता. वॉटरमन १८९९ मध्ये सिनसिनाटीतच, गरिबीत. मॅकव्ही सॅन फ्रान्सिस्कोला स्थायिक झाला, १९०६ च्या भूकंपात होतं नव्हतं ते गेलं, पुढे १९२६ पर्यंत जगला. आयर्लंडमध्ये जन्मलेला लेनर्ड मात्र हॅरीकडे बोस्टनला परतला आणि तिथल्या विजयांत त्याचा वाटा होता.

हॅरी १८९५ मध्ये वारला तोपर्यंत बेसबॉलमध्येच होता. जॉर्जने १८७९ मध्ये एकच मोसम प्रॉव्हिडन्सचा संघ चालवला आणि अजिंक्यपदाच्या शर्यतीत थोरल्या भावाच्या बोस्टनला मागे टाकलं. मग राइट अँड डिट्सन ही खेळसाहित्याची कंपनी काढून उत्तम चालवली, बोस्टनला गोल्फ आणण्यात पुढाकार घेतला. दहांतला शेवटचा तोच, १९३७ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला.

एकटा_फलंदाज

जॉर्जबद्दल आपल्या भागाशी जोडणारा एक तपशील. १८८८-८९ मध्ये स्पॉल्डिंग दोन संघ घेऊन जगप्रवासाला निघाला त्यात जॉर्जही होता. ऑस्ट्रेलियाहून परतताना ते कोलंबोला उतरून खेळले आणि तिथून इजिप्तला गेले, पिरॅमिडच्या पायथ्याशीही खेळले. हिंदुस्थान त्यांनी वगळला. कोलंबोऐवजी मुंबई बंदरात उतरले असते तर जिमखान्यांवर बेसबॉलचा पहिला सामना तेव्हाच झाला असता.

भीमथडी

आणि १८७४ चा इंग्लंड दौरा? राइट बंधू तिथे क्रिकेटसुद्धा खेळले होते ना?

नदीपल्याड

हो. बोस्टन आणि फिलाडेल्फियाचे ॲथलेटिक्स असे दोन संघ हॅरीने नेले. बेसबॉल बघायला इंग्लंडमध्ये फार गर्दी झाली नाही, पण क्रिकेटचे सामने त्यांनी लॉर्ड्सवरही खेळले आणि एकही हरले नाहीत. अर्थात यांचे अठरा आणि समोर अकरा-बारा अशी सवलत होती. शेफील्डलाही सामना झाला, म्हणजे हॅरी आपल्या जन्मगावी खेळला. त्या दौऱ्यावर वेगळा धागा काढतो, इथे नियम आणि आकडे यांवर प्रश्न असतील तर विचारत राहा.